पुंजयांत्रिकी आणि दहावीचं गणित



भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या स्नेह्यांमध्ये ॲलिक्स मॉटनर नावाच्या एक बाई होत्या. त्यांचा विषय इंग्रजी साहित्य. भौतिकशास्त्राबद्दल त्यांना फार कुतूहल, आणि फाइनमन त्यांना पुष्कळ गोष्टी समजावून सांगत. पण पुंजयांत्रिकीपाशी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सपाशी, गाडं अडायचं. कधीतरी तुझ्यासाठी यावर सलग व्याख्यानं तयार करीन, असं त्यांनी कबूल केलं होतं. १९८२मध्ये ॲलिक्स वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्मृतिव्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचं पहिलं पुष्प फाइनमन यांनी गुंफलं. चार व्याख्यानं, उच्च गणित न शिकलेल्या श्रोत्यांसाठी. १९८५मध्ये त्यांचं ‘क्यूईडी’ हे पुस्तक झालं. त्या व्याख्यानांत फाइनमन लहान लहान बाण काढतात, ते फिरवतात, एकापुढे एक जोडतात आणि शेवटी जो बाण तयार होतो त्याच्या लांबीचा वर्ग करतात. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांचं सगळं नातं मांडलं.

आजचं व्याख्यानही स्मृतिव्याख्यान आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ते होत आहे त्यांनी या गावातल्या तीन पिढ्यांना भूमिती शिकवली. म्हणून मी त्यांच्या जवळचा विषय घेतला आहे. ज्याचं गणित दहावीपाशी थांबलं, त्याला पुंजयांत्रिकी शिकता येते का? माझं उत्तर असं की येते, मात्र गणिताला वळसा घालून येत नाही. जेवढं गणित येतं तेवढं पेन्सिल घेऊन वापरायची तयारी हवी. ती असेल तर या शास्त्रातल्या सगळ्यात खोल गोष्टींपर्यंत दहावीच्या भूमितीनं जाता येतं, आणि हे मी तुम्हाला आज करून दाखवणार आहे.

हा प्रश्न हल्ली पूर्वीपेक्षा जास्त विचारला जातो. या शास्त्राला शंभर वर्षं झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. आपल्या केंद्र सरकारनं २०२३च्या एप्रिलमध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं. त्यातलं सूक्ष्म मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. वर्तमानपत्रात रोज ‘क्वांटम’ दिसतं. ज्याला ते समजून घ्यावंसं वाटतं, त्याच्या हाती मात्र बहुधा मांजराची गोष्ट पडते. पेटीतलं मांजर जिवंतही आहे आणि मेलेलंही आहे, असं वाचून तो थक्क होतो आणि तिथेच थांबतो. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी ते मांजर १९३५मध्ये आणलं; सिद्धांत तयार होऊन नऊ-दहा वर्षं झाल्यावर, त्यातली एक अडचण तज्ज्ञांना दाखवण्यासाठी. ज्याला मूळ हिशोब माहीत नाही, त्याला ती अडचण का आहे हेच कळत नाही. नवशिक्यानं मांजरापासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

गणिताचा धसका घेणाऱ्यांनी या शास्त्राचा जन्म कसा झाला ते जरूर वाचावं. १९२५च्या जूनमध्ये तेवीस वर्षांचा वेर्नर हायझेनबर्ग परागकणांच्या त्रासानं बेजार होऊन उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर गेला. तिथे त्यानं अणूंचा जो हिशोब मांडला त्यात साध्या संख्यांऐवजी संख्यांचे तक्ते होते, आणि दोन तक्त्यांचा गुणाकार उलट क्रमानं केला की उत्तर बदलत होतं. हे त्याला खटकलं. गटिंगेनला परतल्यावर त्याचे वरिष्ठ माक्स बॉर्न यांना आठवलं की आपण विद्यार्थिदशेत ब्रेस्लाऊला असा गुणाकार शिकलो होतो. ते मॅट्रिक्स होते. म्हणजे ज्यानं मॅट्रिक्स-यांत्रिकी शोधली त्याला मॅट्रिक्स ठाऊक नव्हते! आपल्याकडे आज ते अकरावी-बारावीत शिकवतात. काही महिन्यांनी श्रोडिंगर यांनी आपलं समीकरण मांडलं, तेव्हा हायड्रोजनसाठी ते सोडवताना त्यांनी हेर्मान वाइल या गणितज्ञाची मदत घेतली आणि १९२६च्या पहिल्या लेखात तसे आभारही मानले. ही माणसं अर्थातच गणितात मुरलेली होती. आपली त्यांच्याशी बरोबरी नाही. पण आधी सगळं गणित संपवायचं आणि मग भौतिकीला हात लावायचा, हा क्रम त्यांनीसुद्धा पाळला नव्हता. गरज पडली तसं ते शिकत गेले.

इथे कुणी मायकेल फॅरडेचं नाव घेईल. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस. बीजगणित जवळपास नाहीच. तरी त्यानं चुंबकाभोवतीच्या लोखंडाच्या किसाकडे पाहून बलरेषांची कल्पना केली आणि मॅक्सवेलनं पुढे तिच्यावर समीकरणं उभी केली. उतारवयात फॅरडेनं मॅक्सवेलला पत्रातून विचारलं होतं की गणितज्ञांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही तितक्याच स्पष्टपणे मांडता येणार नाहीत का? प्रश्न फार मोलाचा आहे. पण फॅरडेचा रस्ता पुंजयांत्रिकीत चालत नाही. तिथे किसासारखं डोळ्यांपुढे धरावं असं चित्रच नाही. इलेक्ट्रॉनला लाट म्हणा, कण म्हणा, दोन्ही चित्रं थोड्या अंतरावर जाऊन फसवतात. न फसवणारी एकच गोष्ट म्हणजे हिशोब. म्हणून तो करायचा.

आता प्रयोगाकडे. पोलरॉइड फिल्मचे तीन तुकडे घ्या. शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्यांकडे ती मिळते. एका तुकड्यातून दिव्याकडे पाहा. प्रकाश निम्म्यावर येतो, बाकी विशेष काही नाही. त्यावर दुसरा तुकडा ठेवून हळूहळू फिरवा. एका स्थितीत प्रकाश जवळजवळ तसाच राहतो, तिथून ९० अंश फिरवला की काळोख होतो. हा काळोख झालेला असताना तिसरा तुकडा त्या दोघांच्या मध्ये ४५ अंशांत तिरका सरकवा. उजेड परत येतो! अडवणारी आणखी एक वस्तू मध्ये घातली आणि प्रकाश वाढला. वर्गात मुलं हे पाहतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘कसं?’ असा असतो, आणि त्याचं उत्तर पायथागोरसच्या प्रमेयात आहे.

पहिल्या तुकड्यातून बाहेर पडलेल्या प्रकाशासाठी एक एकक लांबीचा उभा बाण काढा. पुढचा तुकडा त्याच्याशी ज्या कोनात असेल त्या दिशेवर बाणाची जी सावली पडते तेवढा बाण पलीकडे जातो. सावलीची लांबी म्हणजे त्या कोनाची कोसाइन. प्रकाशाची तीव्रता म्हणजे लांबीचा वर्ग. ४५ अंशांची कोसाइन १ भागिले वर्गमूळ २, तिचा वर्ग एक द्वितीयांश. म्हणजे मधल्या तुकड्यातून निम्मा पार होतो. आता बाण तिरका झाला. शेवटच्या तुकड्याशीही त्याचा कोन ४५ अंशच, म्हणून पुन्हा निम्मा. पहिल्या तुकड्यात निम्मा गेलाच होता. एकूण एक अष्टमांश. खऱ्या फिल्मा थोडा प्रकाश खातात, त्यामुळे मोजलं तर याहून काहीसं कमी येतं.

इथपर्यंत एकोणिसाव्या शतकातली भौतिकी झाली. आता दिवा इतका मंद करा की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, निघेल, आणि पलीकडे तो टिपणारं यंत्र ठेवा. फोटॉन अर्धा होत नाही. यंत्र एकतर पूर्ण टिकटिकतं किंवा गप्प राहतं. मग निम्मा प्रकाश याचा अर्थ काय? प्रत्येक फोटॉनची पार जाण्याची संभाव्यता निम्मी, एवढाच. तुकडा ३० अंशांत असेल तर कोसाइनचा वर्ग पाऊण येतो. शंभर फोटॉन पाठवले तर पंचाहत्तरच्या आसपास पार होतात. ते शंभरही अगदी सारखे तयार केलेले असतात, तरी त्यातला कोणता जाणार आणि कोणता अडणार हे आधी सांगता येत नाही. इथे थोडं थांबायला हवं. न्यूटनपासून आपण धरून चाललो होतो की सारख्या कारणातून सारखं कार्य होतं. दहावीच्या त्रिकोणमितीची दोन उदाहरणं सोडवली आणि आपण त्या समजुतीच्या काठावर येऊन पोचलो.

याच तीन तुकड्यांतून हायझेनबर्गला खटकलेली गोष्टही दिसते. उभ्या बाणाचा प्रकाश आधी ४५ अंशांच्या आणि मग आडव्या तुकड्यातून पाठवा. पाव भाग बाहेर येतो. तेच दोन तुकडे उलट क्रमानं लावा, आधी आडवा आणि मग तिरका. काहीच येत नाही. क्रम बदलला की निकाल बदलतो. ज्यांना हौस असेल त्यांनी प्रत्येक तुकड्यासाठी दोन ओळी आणि दोन स्तंभांचा तक्ता लिहावा. आडव्यासाठी तीन शून्यं आणि शेवटी एक. तिरक्यासाठी चारही जागी एक द्वितीयांश. दोन्ही क्रमांनी गुणाकार करून पाहावा. बॉर्न यांच्या गटिंगेनमधल्या समाधीवर जे सूत्र कोरलं आहे ते अशाच, क्रमानुसार बदलणाऱ्या गुणाकाराचं आहे. स्थान आणि संवेग यांच्याबद्दलचं ते सूत्र समजायला पुढे बरंच शिकावं लागतं, पण त्याचा गाभा आता तुमच्या वहीत आला.

पुढे सम्मिश्र संख्या येतात, आणि त्यांच्याबद्दल लोकांना उगाच भीती वाटते. उणे एकचं वर्गमूळ हे काहीतरी काल्पनिक, न समजणारं, असं शाळेपासून मनात बसतं. त्याकडे वळण म्हणून पाहा. या संख्येनं गुणणं म्हणजे बाण पाव फेरी फिरवणं. दोनदा गुणलं की अर्धी फेरी झाली, बाण उलटा झाला. म्हणजेच उणे एक. गूढ काही नाही. पुंजयांत्रिकीत या संख्या लागतात, कारण तिथले बाण घड्याळाच्या काट्यासारखे फिरत असतात आणि दोन वाटांनी आलेले बाण जोडताना कोण किती फिरला आहे याचा हिशोब ठेवावा लागतो.

इलेक्ट्रॉन दोन फटींमधून पडद्यावर सोडण्याचा प्रसिद्ध प्रयोग यातूनच उलगडतो. एकच फट उघडी असेल तर पडद्यावरच्या एका जागी पोचणारा बाण १ लांबीचा धरू; वर्ग १. दुसरी एकटी उघडी असेल तरी तसंच. दोन्ही उघडल्यावर तिथे २ मिळतील अशी आपली अपेक्षा. पण बाण आधी जोडायचे आणि वर्ग नंतर करायचा असतो. बाण एका दिशेत असतील तर लांबी २, वर्ग ४. विरुद्ध दिशेत असतील तर लांबी शून्य, वर्ग शून्य. जिथे एकेका फटीतून इलेक्ट्रॉन येत होते तिथे दोन्ही उघडल्यावर एकही येत नाही. शेजारच्या पट्ट्यात चौपट येतात, आणि पूर्ण पडद्याची सरासरी काढली तर ती २च भरते. काही हरवलेलं नाही. जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडून हे नोंदवलं. त्यांनी फटींऐवजी वेगळी मांडणी वापरली, तत्त्व मात्र तेच. आधी विखुरलेले ठिपके दिसतात आणि हजारो ठिपके पडल्यावर त्यांतून पट्टे उमटतात. ती चित्रं पाहण्याआधी वरचा हिशोब स्वतः करा, मग ती पाहताना अंगावर काटा येतो.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. एका उगमातून फोटॉनांच्या जोड्या निघतात. एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. दोन्हीकडे पोलरॉइड आहे आणि तो ०, ६० किंवा १२० अंश अशा तीनपैकी एका कोनात लावायचा आहे. विशिष्ट रीतीनं तयार केलेल्या जोड्यांमध्ये असं दिसतं की दोन्हीकडे कोन सारखा असेल तर निकालही सारखाच. दोघेही पार, नाहीतर दोघेही अडतात. कुणीही म्हणेल, निघतानाच दोघांना सारख्या सूचना मिळाल्या असणार: अमक्या कोनाला हो, तमक्या कोनाला नाही. आइन्स्टाइन यांचा कल असाच होता. निकाल आधीच ठरलेला असतो, आपल्याला तो ठाऊक नसतो, एवढंच.

या सूचना खऱ्या असतील तर काय व्हायला हवं ते मोजू. कोन तीन आणि उत्तरं दोनच, हो किंवा नाही. म्हणजे तीनपैकी निदान दोन कोनांची उत्तरं सारखी असणारच. वेगवेगळ्या कोनांच्या जोड्या तीन होतात. त्यांतली किमान एक जुळणार. म्हणून दोन्हीकडे वेगवेगळे कोन लावले तर एक तृतीयांश वेळा तरी निकाल जुळलाच पाहिजे. सूचना कशाही असोत, याच्या खाली जाता येत नाही. आणि पुंजयांत्रिकी काय सांगते? कोनांतला फरक ६० अंश, कोसाइन अर्धा, वर्ग पाव. फरक १२० अंश असला तरी वर्ग पावच. पाव हा एक तृतीयांशापेक्षा लहान आहे.

एवढंच गणित. जॉन बेल यांनी १९६४मध्ये हा मार्ग दाखवला आणि डेव्हिड मर्मिन यांनी १९८५मध्ये तो जवळपास अशा सोप्या रूपात मांडला. १९७२मध्ये जॉन क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी, १९८२मध्ये ॲलन आस्पे यांनी, नंतर आंतोन त्साइलिंगर यांनी अशा प्रकारचे प्रयोग केले. निकाल पुंजयांत्रिकीच्या बाजूनं लागला. क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२चं नोबेल मिळालं. एका बाजूच्या पोलरॉइडचा दुसऱ्या बाजूच्या फोटॉनवर परिणाम होत नाही असं धरलं, तर फोटॉनजवळ आधीच ठरलेली उत्तरं नव्हती असंच म्हणावं लागतं. जगाबद्दलचं इतकं मोठं विधान पाव आणि एक तृतीयांश यांच्या तुलनेवर उभं आहे, आणि ती तुलना आपल्या आठवीच्या मुलालाही करता येते. मला याहून सुंदर काही विज्ञानात आढळलेलं नाही.

कॅल्क्युलसशिवाय अणूतही थोडं शिरता येतं. मिरजेच्या तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, त्यामुळे तिच्यावर अर्ध्या लाटा पूर्ण संख्येतच बसतात: एक, दोन, तीन. सी. व्ही. रामन यांनी आपल्या वाद्यांच्या तारांवर फार बारकाईनं काम केलं होतं. लुई द ब्रॉय यांनी १९२४मध्ये सांगितलं की प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग केलं की कणाची तरंगलांबी मिळते. इलेक्ट्रॉन एका अरुंद पेटीत कोंडला की त्यालाही तारेचाच नियम लागू होतो. या सूत्रात किमती घालून आधी संवेग आणि त्यावरून ऊर्जा काढून बघा. पेटी एक नॅनोमीटर लांब असेल तर सर्वांत खालची ऊर्जापातळी सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, दुसरी तिच्या चौपट, तिसरी नऊपट. पेटी अर्धी केली की प्रत्येक पातळी चौपट होते. अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे कण लहान केले की त्यांचा रंग निळ्याकडे आणि मोठे केले की लालकडे झुकतो, त्यामागे मुख्यतः हेच आहे. त्या कणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. हायड्रोजनचा अणू मात्र असा सुटत नाही. तिथे कॅल्क्युलस लागतं आणि ते शिकायला वर्ष-दीड वर्ष द्यावं लागतं. हे मी लपवणार नाही.

एक धोका सांगून टाकतो. ‘क्वांटम’ हा शब्द लावून पाण्याच्या बाटल्या, ताईत, उपचार आणि मनःशक्तीची शिबिरं विकली जातात. मन लावलं की वास्तव बदलतं असं पुंजयांत्रिकी सांगते, असा त्यांचा दावा असतो. तो खोटा आहे. वरच्या फोटॉनांच्या जोड्यांनी निरोपसुद्धा पाठवता येत नाही, कारण एकीकडचे निकाल वेगळे पाहिले तर ते नुसतेच निम्मे हो आणि निम्मे नाही असतात. जुळणी दिसते ती दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर. आजारी माणसाला याच शब्दानं फसवलं जातं तेव्हा मला संताप येतो. ज्यानं एकदा तरी कोसाइनचा वर्ग करून संभाव्यता काढली आहे तो अशा विक्रेत्याला विचारू शकतो की तुमचा बाण कोणता आणि कोन किती?

पुढच्या वाचनाबद्दल थोडंच सांगतो. आधी ‘क्यूईडी’ वाचा, पण त्यातला प्रत्येक बाण वहीत काढत. त्यानंतर लेनर्ड ससकिंड आणि आर्ट फ्रीडमन यांचं २०१४चं पुंजयांत्रिकीचं पुस्तक घ्या. लागेल ते गणित ते वाटेत शिकवतं. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांचा याच विषयावरचा ग्रंथ नंतर. मराठीत उदाहरणं सोडवत नेणारं असं पुस्तक हवं आहे, आणि ते लिहायला आपल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक समर्थ आहेत. त्यांनी ते लिहावं, अशी या व्यासपीठावरून माझी त्यांना विनंती आहे.

पुढच्या रविवारपासून सकाळी नऊ वाजता याच सभागृहात आपण हे हिशोब एकत्र बसून करू. वयाची आणि शिक्षणाची अट नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी बाहेर ग्रंथपालांच्या टेबलावर नाव नोंदवावं आणि येताना वही, पेन्सिल आणि दहावीचं भूमितीचं पुस्तक घेऊन यावं. पोलरॉइडचे तुकडे मी आणीन.